पीसी रुटीन लिहायचं तर कॉलरची की हातातून सोडू नका

"ताई, माझ्या सर्व्हरमधलं टेबल दुसऱ्या जॉबला वाचायचं आहे, सीएसएमध्ये टाकून दिलं तर चालते ना?" दर वर्षी कोणी ना कोणी मला हे विचारतंच. यंदा विचारणारा पोरगा नवा, नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या ऑफिसात सहा महिन्यांपूर्वी लागलेला, असेंब्लर मात्र मनापासून शिकून राहिला. रात्रपाळीत त्याला समजावता समजावता दोन वाजले, तेव्हा वाटलं हे, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या मेमरीतलं रुटीन प्रोग्रॅम कॉलने (पीसी) सुरक्षितपणे कसं चालवायचं ते, एकदा नीट मराठीत लिहूनच काढावं, कारण मॅन्युअलमध्ये सगळं असतं खरं पण कुठलं पाऊल चुकलं तर कुलूप उघडं राहतं ते तिथे अशा क्रमाने सापडत नाही. हे वाचणाऱ्याला असेंब्लर येतं आणि झेडओएसवर, म्हणजे आयबीएम मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, थोडंफार काम केलंय असं मी धरून चालते.

आधी सीएसए, म्हणजे सगळ्यांना सामायिक असलेली मेमरी, काहून नको ते. १९७४ मध्ये झेडओएसचं पूर्वज एमव्हीएस आलं तेव्हापासून प्रत्येक जॉबला, टर्मिनलवरच्या प्रत्येक टीएसओ युजरला, प्रत्येक स्टार्टेड टास्कला स्वतःची अॅड्रेस स्पेस मिळते. माझ्या स्पेसमधला पत्ता आणि तुझ्या स्पेसमधला तोच पत्ता, दोन्ही वेगळ्या जागा, मला तुझं दिसत नाही आणि तुला माझं दिसत नाही, अर्धी सुरक्षितता तर इथेच आहे. पण काही भाग सगळ्यांना सारखाच दिसतो, न्यूक्लियस (सिस्टिमचा गाभा), एलपीए (सामायिक प्रोग्रॅमची जागा), एसक्यूए (सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदींची जागा) आणि हे सीएसए. तिथे ठेवलेली वस्तू म्हणजे चौकात ठेवलेली वस्तू. वाचवणारी गोष्ट एकच, स्टोरेज की. दर ४ केबीच्या फ्रेमला एक की असते, ० ते १५, आणि सोबत फेच प्रोटेक्शनचा, म्हणजे परक्याला वाचूही न देण्याचा, एक बिट. साधे प्रोग्रॅम की ८ मध्ये चालतात, सिस्टिमच्या गोष्टी ० ते ७ मध्ये. पूर्वी लोक खुशाल की ८ चं सीएसए घ्यायचे, म्हणजे मशीनवरचा कोणताही जॉब त्यात लिहू शकायचा, शेवटी झेडओएस २.४ पासून तो रस्ताच बंद झाला. आता की ७ मध्ये घेतलं तरी फेच प्रोटेक्शन लावायचं विसरलात तर वाचायला सगळं गाव मोकळं, आणि सोडायचं विसरलात तर ती जागा आयपीएल, म्हणजे सिस्टिम नव्याने सुरू, होईपर्यंत तशीच अडकून. त्यामुळे ग्राहकाचा डेटा सीएसएमध्ये ठेवायचा नाही हा आमच्या टीमचा नियम आहे, आणि मी तो मोडू देत नाही.

मग दुसरे रस्ते कोणते? जर तुमचं काम नुसतं दोन अॅप्लिकेशनने एकमेकांना मेसेज पाठवायचं असेल तर मेसेजच्या रांगा सांभाळणारं एमक्यू आहे, सॉकेट आहे आणि त्यावर एटी-टीएलएस एन्क्रिप्शन लावता येतं, तेच वापरा. त्यासाठी एपीएफ, म्हणजे अधिकृत प्रोग्रॅमची परवानगी, मागायला जाऊ नका, एपीएफ म्हणजे अख्ख्या सिस्टिमच्या चाव्या, आणि ज्याला गरज नाही त्याने चाव्या बाळगू नयेत. मोठा डेटा असेल तर डेटा स्पेस आहे, ६४ बिटच्या जमान्यात शेअर्ड मेमरी ऑब्जेक्ट आहे, जिथे प्रत्येक अॅड्रेस स्पेसला वेगळा अॅक्सेस घ्यावा लागतो. समोरच्याच्या स्पेसमध्ये आपलं काम त्याच्या वेळेने व्हावं असं असेल तर एसआरबी (दुसऱ्या स्पेसमध्ये काम करायची विनंती) शेड्यूल करता येते. पण "मी विचारलं, त्याने तपासलं, लगेच उत्तर दिलं" अशी सर्व्हिस हवी असेल, आणि सर्व्हरचा डेटा सर्व्हरच्याच स्पेसमध्ये राहायला हवा असेल, तर प्रोग्रॅम कॉल, म्हणजे पीसी. पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

पीसीमध्ये नेमकं काय होतं ते एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं. आपल्याकडे इतवारीत सराफा ओळीत दुकानात गेलात तर तुम्ही स्वतः आत जाता, सराफ तुमच्या घरी येत नाही. पीसीचं तसंच आहे. दुसरा कोणी टास्क तुमच्यासाठी काम करत नाही, तुमचाच टास्क, तुमचंच टीसीबी (टास्कची नोंद), तुमच्याच सीपीयू टाइमवर सर्व्हरच्या स्पेसमध्ये शिरतो आणि तिथलं रुटीन चालवतो. शिरताना प्रायमरी, म्हणजे जिथे कोड चालतो ती स्पेस, बदलतं, ते सर्व्हरचं होतं, तुमची स्पेस सेकंडरी होते, आणि होम मात्र ज्याचा टास्क त्याचंच राहतं. जुनी स्थिती, म्हणजे रजिस्टर, पीएसडब्ल्यू (प्रोग्रॅमची चालू स्थिती सांगणारा शब्द), कीमास्क (कोणत्या की वापरता येतील त्याची यादी), हे सगळं लिंकेज स्टॅकवर जातं आणि पीआर इन्स्ट्रक्शनने परत येताना मिळतं, रजिस्टरपैकी मात्र २ ते १४ एवढेच. हा स्टॅक आणि अॅक्सेस रजिस्टर (पत्ता कोणत्या स्पेसमधला ते सांगणारे) १९८८ च्या ईएसए/३७० सोबत आले, त्याआधीचा बेसिक पीसी जुन्या कोडमध्ये अजून सापडतो, नवीन लिहिताना स्टॅकिंगच घ्या.

आता सराफाची गोष्ट इथे खरी कामाची आहे. गिऱ्हाईक म्हणालं "हे दहा ग्रॅम आहे" तर सराफ ते ऐकून घेतो पण काट्यावर स्वतः तोलतो. आणि तोलल्यावर पुडी गिऱ्हाइकाच्या हाती परत देऊन मग पैसे मोजत नाही, पुडी आपल्या हातातच ठेवतो. पीसी रुटीन सुरक्षित लिहायचं म्हणजे एवढंच, पण प्रत्येक ठिकाणी न चुकता.

सेटअप आधी सांगते. सर्व्हर एपीएफ लायब्ररीमधून चालतो, जॉब स्टेपचा जो मुख्य मॉड्यूल आहे फक्त त्यालाच एसी १ (अधिकृत चालण्याचा कोड) द्या, बाकीच्या सगळ्या मॉड्यूलला एसी १ लावायची सवय मी बऱ्याच जागी पाहिली आहे, ती वाईट आहे, कारण मग ते प्रत्येक मॉड्यूल कोणीही जेसीएलमधून (जॉब चालवायच्या आदेशांतून) सरळ अधिकृत म्हणून चालवू शकतो. सर्व्हर नॉनस्वॅपेबल करा, नाहीतर कॉलर आत शिरायला येईल आणि स्पेस बाहेर स्वॅप झालेली असेल. मग एलएक्सरेसने लिंकेज इंडेक्स (एलएक्स) घ्यायचा, ईटीडेफने एंट्रीचं वर्णन लिहायचं, ईटीक्रीने टेबल तयार करायचं आणि ईटीकॉनने जोडायचं. सिस्टिम एलएक्स घेतला तर एकदा जोडलं की मशीनवरच्या प्रत्येक स्पेसला ती सर्व्हिस मिळते, साधा एलएक्स घेतला तर ज्याला हवी त्याला वेगळं जोडावं लागतं. मोजक्या दोन-तीन स्पेसलाच सर्व्हिस द्यायची असेल तर दुसरा पर्याय जास्त कष्टाचा पण जास्त बंदिस्त, मी तोच सुचवते.

ईटीडेफमध्ये घाई करू नका, तिथेच अर्धी सुरक्षितता ठरते. एसस्विच येस म्हणजे स्पेस बदलायची. स्टेट, इथे लोक डोळे झाकून सुपरव्हायझर, म्हणजे पूर्ण अधिकार, लिहितात, पण खरंच लागतं का ते विचारा, नुसतं सर्व्हरच्या कीमधलं टेबल वाचायचं असेल तर प्रॉब्लेम स्टेट (साध्या प्रोग्रॅमची) आणि योग्य ईके, ईकेएम (रुटीनला मिळणारा कीमास्क) दिलं तरी भागतं. ईके म्हणजे रुटीन कोणत्या कीमध्ये सुरू होईल, ती शून्य नको, सर्व्हरची स्वतःची की द्या, म्हणजे रुटीनमध्ये चूक झालीच तरी नुकसान सर्व्हरपुरतं राहील, न्यूक्लियसपर्यंत जाणार नाही. एकेएम म्हणजे कोणत्या कीमास्कच्या कॉलरला दार उघडेल, कॉलरचा स्वतःचा कीमास्क (पीकेएम) आणि हा एकेएम यांच्यात एकही बिट जुळला नाही तर हार्डवेअर तिथेच प्रिव्हिलेज्ड ऑपरेशन एक्सेप्शन देतं, कॉलरला ०सी२ अबेंड, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच बंद. फक्त अधिकृत प्रोग्रॅमसाठी असलेल्या सर्व्हिसचा एकेएम ० ते ७ ठेवा. उगाच ० ते १५ लिहू नका, ते लिहिलं की दार सगळ्यांसाठी उघडं. एसएएसएन ओल्ड, म्हणजे कॉलर सेकंडरीत राहील. एआरआर, म्हणजे रिकव्हरी रुटीन, त्याबद्दल पुढे. आणि पार्म१, पार्म२ हे दोन लेटंट पॅरामीटर, यात सर्व्हरच्या मुख्य कंट्रोल ब्लॉकचा पत्ता ठेवा, एंट्रीला रजिस्टर ४ मध्ये त्यांचा पत्ता मिळतो. हे फार महत्त्वाचं आहे, कारण सर्व्हरचा अँकर कॉलरकडून कधीच घ्यायचा नसतो. कॉलर म्हणाला "हा घे तुझ्या टेबलचा पत्ता" आणि तुम्ही घेतला तर उद्या तो दुसराच पत्ता देईल.

कॉलरला पीसी नंबर कळायला नेम/टोकन सर्व्हिस (नावावरून ठेवलेली माहिती काढून देणारी) वापरा, सिस्टिम लेव्हलचं टोकन. पण नंबर लपवला म्हणजे सर्व्हिस सुरक्षित झाली असं समजू नका. जुना पीसी नंबर २० बिटचा, १२ बिट एलएक्स आणि ८ बिट एंट्री इंडेक्स, म्हणजे एकूण १० लाख ४८ हजार ५७६ नंबर, एखाद्याने एक लूप लिहून सगळे मारून पाहिले तरी काही फार वेळ लागणार नाही. तुमच्या रुटीनला कोणीही, काहीही घेऊन कॉल करेल हे धरूनच लिहायचं.

आता रुटीनच्या आत. शिरल्याबरोबर कॉलरच्या सेव्ह एरियाला हात लावायचा नाही, रजिस्टर स्टॅकवर जमा आहेत, आपलं वर्कएरिया आपल्या स्पेसमध्ये घ्यायचं आणि ते शून्य करूनच वापरायचं, कारण त्यात आधीच्या कॉलरचे उरलेले बाइट असू शकतात आणि ते या कॉलरच्या उत्तरात निघून जायला नकोत. मग एस्टा इन्स्ट्रक्शन. कोड १ दिला की स्टॅकवर ठेवलेलं कॉलरचं पीएसडब्ल्यू मिळतं, त्यातले ८ ते ११ बिट म्हणजे कॉलरची की. ती १६ बिट उजवीकडे सरकवून, बाकीचे बिट अँडने उडवून, एका रजिस्टरमध्ये ठेवा आणि शेवटपर्यंत तिथेच राहू द्या. शीर्षकात जे लिहिलंय ते याच रजिस्टरबद्दल.

पुढचं वाक्य सावकाश वाचा. कॉलरच्या मेमरीला जेव्हा जेव्हा हात लावाल, वाचायला किंवा लिहायला, तेव्हा कॉलरच्याच कीने लावा. आपल्या कीने नाही, शून्याने तर मुळीच नाही. त्यासाठी मशीनने दोन सुंदर इन्स्ट्रक्शन दिल्या आहेत, एमव्हीसीपी आणि एमव्हीसीएस. पहिली सेकंडरीतून प्रायमरीत आणते, दुसरी प्रायमरीतून सेकंडरीत नेते, आणि दोघींनाही सेकंडरीच्या बाजूसाठी वेगळी की रजिस्टरमध्ये देता येते, आपल्या बाजूला आपली पीएसडब्ल्यूची की लागते. म्हणजे एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये दोन्ही बाजूंना ज्याचा त्याचा अधिकार. एका वेळी २५६ बाइट जातात, जास्त असतील तर कंडिशन कोड ३ येतो, मग पुढे सरकून परत करायचं. एआर (अॅक्सेस रजिस्टर) मोडमध्ये असाल तर या चालत नाहीत, तिथे एमव्हीसीएसके आणि एमव्हीसीडीके, सोर्सची की किंवा डेस्टिनेशनची की देऊन. काही जण एसपीकेएने आपलीच की बदलून साधा एमव्हीसी (कॉपी) करतात, पण मग आपल्या वर्कएरियालाही कॉलरची की लागते आणि तिथे अबेंड होतो, मग ते वैतागून आपलं वर्कएरियाच की ८ मध्ये घेतात, आणि एक भोक बुजवायला दुसरं पाडतात.

माझ्याच टीमबरोबरची गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी एका परदेशी क्लायंटच्या टेस्ट एलपारवर (मेनफ्रेमच्या एका स्वतंत्र भागावर) आमचं एक पीसी रुटीन होतं, कोणी लिहिलं, कोणी रिव्ह्यू केलं याला आता अर्थ नाही, रिव्ह्यूमध्ये मीही होते. इनपुट वाचताना कॉलरची की नीट वापरली होती. पण उत्तर लिहिताना, शेवटच्या एका ठिकाणी, चार बाइटचा रिटर्न लेंथ साध्या स्टोअरने लिहिला होता, की शून्य, एआर मोड, पत्ता कॉलरने दिलेला. वर्षभर काही झालं नाही कारण सगळे कॉलर शहाणे होते. मग एका टेस्ट प्रोग्रॅममध्ये पॅरामीटर लिस्टचा एक शब्द मागेपुढे झाला, आणि लेंथच्या जागी जो पत्ता गेला तो नेमका ईसीएसएमधल्या (सीएसएच्याच वरच्या भागातल्या) एका कंट्रोल ब्लॉकचा होता. की ८ च्या साध्या प्रोग्रॅमने आमच्या हाताने की शून्यची जागा खराब केली. पत्ता शून्य असता तर लो अॅड्रेस प्रोटेक्शनने तिथेच अडवलं असतं, पण ते फक्त ० ते ५११ आणि ४०९६ ते ४६०७ एवढ्याच बाइटना वाचवतं. पहाटे तीनला एलपार आयपीएल करावं लागलं. टेस्ट होतं म्हणून निभावलं. तो प्रोग्रॅम चुकून तसा झाला होता, पण कोणी मुद्दाम केला असता तर त्याच चार बाइटने स्वतःला सुपरव्हायझर स्टेट देऊन घेतलं असतं. आयबीएमने १९७३ पासून लेखी सांगितलंय की अनधिकृत प्रोग्रॅमला स्टोरेज प्रोटेक्शन, पासवर्ड किंवा पुढे आलेल्या रॅकफ या सुरक्षा व्यवस्थेचा पहारा ओलांडता येऊ नये, आणि ओलांडता आला तर ते दुरुस्त करतील. पण तुम्ही स्वतः एपीएफमध्ये टाकलेला कोड त्या वचनात येत नाही, तो तुम्हालाच सांभाळायचा. त्या रात्रीनंतर मी आमच्या प्रत्येक रुटीनमध्ये "कॉलरच्या पत्त्यावर लिहिणाऱ्या इन्स्ट्रक्शन" असं वेगळं शोधायला लागले, वाचणाऱ्या वेगळ्या, लिहिणाऱ्या वेगळ्या, आणि लिहिणाऱ्या आधी.

आता पुडी हातात ठेवण्याची गोष्ट. कॉलरच्या स्पेसमध्ये त्याचे इतर टास्कही चालू असतात. तुम्ही लेंथ वाचली, १०० आहे, ठीक आहे म्हणालात, आणि कॉपी करायच्या वेळेला परत तिथूनच वाचली, तेवढ्यात दुसऱ्या टास्कने तिथे १०,००० लिहून ठेवलं. तपासलं एक आणि वापरलं दुसरंच. म्हणून पॅरामीटर लिस्ट एकदाच, पूर्ण, आपल्या वर्कएरियात आणायची, मग तिथलीच प्रत तपासायची, तिथलीच वापरायची, कॉलरच्या मूळ लिस्टकडे परत वळून बघायचं नाही. लिस्टमध्ये पुढच्या एरियाचे पत्ते असतील तर त्यांचंही असंच, एकेक पातळी आणा, तपासा, मग पुढची. लेंथ तपासताना शून्य, निगेटिव्ह आणि आपल्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त, हे तिन्ही. आणि पत्ता अधिक लेंथ केल्यावर तो मागे वळून लहान तर होत नाही ना तेही बघा.

६४ बिटची एक खोड आहे. तुमचं रुटीन एमोड ६४ मध्ये (६४ बिटच्या पत्त्यांवर) आणि कॉलर ३१ मध्ये असेल तर त्याच्या रजिस्टरच्या वरच्या अर्ध्यात कचरा असू शकतो, त्याला त्याची पर्वा नसते. स्टॅकवरच्या पीएसडब्ल्यूमधून त्याचा एमोड बघा आणि ३१ असेल तर पत्त्याचा वरचा भाग साफ करूनच पुढे जा.

आणि अॅलेट, म्हणजे पत्ता कोणत्या स्पेसमधला ते सांगणारा नंबर. इथे अनुभवी लोकही घसरतात म्हणून थोडं थांबते. अॅलेट ० म्हणजे प्रायमरी, १ म्हणजे सेकंडरी, २ म्हणजे होम, हे तीन सगळ्यांसाठी ठरलेले. आता कॉलर पत्त्यासोबत अॅलेट ० देतो, त्याच्या दृष्टीने अर्थ "माझी स्वतःची स्पेस". पण स्पेस बदलून आत आल्यावर अॅलेट ० चा अर्थ झाला तुमची, सर्व्हरची स्पेस! तसाच वापरला तर कॉलर तुमच्याच हाताने तुमचं टेबल वाचेल, की जुळली तर लिहीलही. म्हणून कॉलरचा ० आला तर आत तो १ करायचा. कॉलरने १ दिला असेल तर त्याचा सेकंडरी कोण ते आता तुम्हाला तसं गाठता येत नाही, तो सरळ नाकारायचा. यापेक्षा मोठा कुठला अॅलेट दिला असेल तर तो वापरायचा अधिकार कॉलरला आहे का हे टेस्टआर्ट मॅक्रोने कॉलरच्या ईएएक्सने (त्याच्या अधिकाराच्या नंबराने) तपासायचं. मी माझ्या सर्व्हिसमध्ये शून्याशिवाय कुठलाच अॅलेट घेत नाही, इंटरफेसमध्येच तसं लिहून टाकते, कोणाला अडचण आली नाही आजपर्यंत.

कॉलर म्हणजे कोण, हेही नीट ठरवा. सेकंडरी म्हणजे ज्याने पीसी केला तो, होम म्हणजे ज्याचा टास्क तो, आणि हे दोघं वेगळे असू शकतात, कारण तुम्हाला कॉल करणारा स्वतःच कोणाचं तरी पीसी रुटीन असू शकतो. युजर आयडी बघायचा तर तो टास्कचा, टीसीबीवर स्वतःचं एसीईई (युजरची सुरक्षा ओळख) असेल तर ते, नसेल तर होमच्या एएसएक्सबी ब्लॉकवरचं. कॉलरने पॅरामीटरमध्ये पाठवलेला युजर आयडी म्हणजे नुसतं त्याचं म्हणणं, त्यावर विश्वास नाही. मग रॅकफला विचारायचं, पण रॅकराउटचं साधं ऑथ इथे चालत नाही कारण ते आतून एसव्हीसी (सिस्टिमला थेट हाक) मारतं. फास्टऑथ वापरा, ते क्रॉस मेमरीत (दुसऱ्याच्या स्पेसमध्ये शिरलेलं असताना) चालतं, त्यासाठी क्लासचे प्रोफाइल रॅकलिस्ट केलेले, म्हणजे मेमरीत आणलेले, हवेत. की तपासली म्हणजे रॅकफची गरज नाही असं काही जण म्हणतात, मला ते पटत नाही. की सांगते की हा मेमरीच्या कुठल्या भागाला हात लावू शकतो, हा माणूस ग्राहकाचं खातं बघू शकतो का हे ती सांगू शकत नाही.

एसव्हीसीचं निघालंच आहे तर, क्रॉस मेमरी मोडमध्ये अबेंडचं १३ नंबर सोडून कुठलंही एसव्हीसी मारलं की ०एफ८ अबेंड. म्हणजे ओपन नाही, साधं डब्ल्यूटीओ (ऑपरेटरला संदेश) नाही, त्याला लिंकेज ब्रँच द्यावं लागतं, एन्क्यू (कुलूप लावणं) नाही, त्याऐवजी आयएसजीएन्क्यू किंवा लॅच. फाइल वाचायची असेल तर ते काम सर्व्हरच्या स्वतःच्या टास्ककडे द्या आणि पीसी रुटीन थांबेल असं करा. स्टोरेज मॅक्रोने मेमरी घेताना ती कोणाच्या नावावर जाते ते लक्षात ठेवा. ती कॉलरच्या टास्कवर नाही, प्रायमरी स्पेसच्या जॉब स्टेप टास्कवर जाते, म्हणजे कॉलर संपला तरी ती सुटत नाही, सर्व्हर बंद होईपर्यंत साचत राहते. दर कॉलमागे ४ केबी जरी राहिले तरी महिनाभर चालणाऱ्या सर्व्हरचं काय होईल ते तुम्हीच मोजा. बाहेरच्या माणसाने मुद्दाम कॉल मारून सर्व्हर पाडायचा हाही एक मार्ग आहे.

रिकव्हरी. एआरआर, म्हणजे चूक झाल्यावर चालणारं रुटीन, प्रत्येक एंट्रीला हवाच. रुटीनमध्ये पावलापावलाला वर्कएरियात एक खूण ठेवा, "आता कॉलरची लिस्ट आणतेय", "आता लॅच घेतलाय", "आता उत्तर लिहितेय". कॉलरची मेमरी कॉपी करताना ०सी४ (मेमरीला हात लावता न आल्याचा अबेंड) आला तर चूक कॉलरची, एआरआरने रिट्राय करून "पॅरामीटर चुकीचे" असा रिटर्न कोड द्यायचा, डंप नको. दुसरीकडे कुठे आला तर चूक आपली, डंप घ्या, लॅच सोडा, पर्कोलेट करा (चूक पुढे वर जाऊ द्या). डंप कुठल्या डेटासेटमध्ये जातो आणि तो कोण वाचू शकतो तेही बघा, सर्व्हरमधला सगळा डेटा त्यात उघडा असतो. कॉलरचा जॉब ऑपरेटरने कॅन्सल केला तरी एआरआरला कंट्रोल मिळतो. पण फोर्स झाला, म्हणजे अख्खी स्पेसच संपवली (मेमटर्म), तर मिळत नाही, त्यासाठी रेसएमजीआर मॅक्रोने रिसोर्स मॅनेजर लावून ठेवायचा, जो मेलेल्या कॉलरच्या नावावरचे लॅच आणि ब्लॉक सोडवेल. हे नसेल तर एक कॉलर मेला की बाकी सगळे रांगेत उभे.

सर्व्हर बंद करण्याचा भागही आधीच आखा. सिस्टिम एलएक्स एकदा घेतला की सर्व्हर गेल्यावरही तो सिस्टिमला परत मिळत नाही, म्हणून तो नंबर सिस्टिम लेव्हल नेम/टोकनमध्ये जपून ठेवा आणि पुढच्या स्टार्टला तोच परत वापरा, दर स्टार्टला नवा घेत बसलात तर एक दिवस संपतील आणि मग आयपीएलशिवाय इलाज नाही. अशा सर्व्हरचा एएसआयडी (स्पेसचा नंबर) ही आयपीएलपर्यंत परत वापरता येत नाही. नवीन लिहिणार असाल तर रियुजेबल एलएक्स घ्या आणि सर्व्हर रियुसएएसआयडी येस देऊन स्टार्ट करा. रियुजेबलमध्ये नंबरासोबत एक सीक्वेन्स नंबर असतो, तो कॉलरने रजिस्टर १५ च्या वरच्या अर्ध्यात द्यायचा, त्यामुळे जुन्या सर्व्हरचा नंबर धरून बसलेला कॉलर चुकून नव्याच कुणाच्या तरी दारात शिरत नाही.

सरावाचं बरेच जण विचारतात, व्हीएनआयटी कॉलेजातून नुकत्याच निघालेल्या पोरी सुद्धा. घरच्या लॅपटॉपवर हर्क्युलिस (मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाकून एमव्हीएस ३.८ चालवता येतं आणि असेंब्लर शिकायला ते छान आहे, पण क्रॉस मेमरी त्याच्या नंतर आली, तिथे पीसी सर्व्हिस बांधता येणार नाही. आयबीएमचा झेड एक्सप्लोर हा शिकायचा कार्यक्रम फुकट आहे, जेसीएल, टीएसओ हात बसायला चांगला, पण तिथे एपीएफ मिळणार नाही. म्हणून हे शिकायचं ते आपल्या ऑफिसच्या सँडबॉक्स एलपारवर, सिस्टिम प्रोग्रॅमरला सांगून, आणि तोपर्यंत प्रिन्सिपल्स ऑफ ऑपरेशन या मशीनच्या मॅन्युअलमधलं पीसी, पीआर, एमव्हीसीपीचं वर्णन कागदावर चित्र काढत वाचायचं, मी तसंच शिकले.

रुटीन झालं की चाचणी. चांगल्या कॉलरने चाचणी करून काही कळत नाही, वाईट कॉलर स्वतः लिहा. आमच्याकडे एकच की ८ चा जॉब आहे, एपीएफ नाही, काही नाही, तो आळीपाळीने न्यूक्लियसचा पत्ता, ईसीएसएमधला की शून्यचा पत्ता, फेच प्रोटेक्टेड पान, न घेतलेलं पान, दोन पानांच्या सीमेवर अर्धा पडणारा एरिया ज्याचं दुसरं पान त्याचं नाही, निगेटिव्ह लेंथ, अॅलेट १, वरच्या अर्ध्यात कचरा असलेलं रजिस्टर, असं सगळं पाठवत राहतो. इनपुटच्या जागी एकदा आणि आउटपुटच्या जागी एकदा, दोन्हीकडे. त्याच्या सोबत त्याच स्पेसमध्ये दुसरा टास्क सतत लेंथचा शब्द १०० वरून १०,००० आणि परत १०० करत बसतो. मध्येच ऑपरेटर तो जॉब कॅन्सल करतो, मग फोर्स करतो. संध्याकाळी सुरू करून रात्रभर चालू ठेवायचा. सकाळी सर्व्हरचा स्टोरेज वापर जिथे होता तिथेच असला पाहिजे, एकही लॅच कुणाच्या नावावर अडकलेला नको, आणि त्या जॉबच्या लॉगमध्ये पानंच्या पानं फक्त "पॅरामीटर चुकीचे" चा रिटर्न कोड, सर्व्हरच्या नावाने एकही डंप नाही. आमच्या त्या नव्या पोराच्या रुटीनचा असा लॉग तिसऱ्या रात्री आला, आणि मगच आम्ही ते पुढच्या एलपारवर जाऊ दिलं.